शाळेतील लिनक्स संगणक जाळ्यास जोडणे

शाळेत संगणक आहे, खोलीत वीज आहे, राउटरपासून निघालेली तार संगणकाच्या पाठीशी येऊन पोहोचली आहे. आणि तरीही पडद्यावर एकही पान उघडत नाही. अशा वेळी यंत्रच बिघडले असे समजून त्यावर कापड घातले जाते व तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीसाठी माणूस येण्याची वाट पाहिली जाते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावर ही वाट किती लांबते, हे तेथील शिक्षकांस सांगावयास नको. वास्तविक अशा पुष्कळ प्रसंगी यंत्रास काहीही झालेले नसते. जाळ्याच्या मांडणीतील चार आकड्यांपैकी एखादा चुकलेला किंवा भरावयाचा राहून गेलेला असतो. हे चार आकडे कोणते, ते काय काम करतात आणि त्यांतील कोणता चुकला आहे हे कसे ओळखावे, एवढेच या पाठात सांगावयाचे आहे. हे काम प्राथमिक शिक्षकास स्वतः करता येण्याजोगे आहे.

लिनक्सचीच गोष्ट येथे का घेतली, हेही थोडक्यात सांगणे इष्ट होईल. विंडोज १० या प्रणालीस तिच्या निर्मात्यांकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली जुन्या यंत्रांपैकी कित्येकांवर बसत नाही. अशी यंत्रे मोडीत काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स बसविणे हा शाळेच्या दृष्टीने सोयीचा व बिनखर्चाचा मार्ग होय. लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहून जगास खुला केला. त्यावर उभारलेल्या उबुंटू, मिंट, डेबियन इत्यादी अनेक प्रणाली आज विनामूल्य मिळतात. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या पायावर ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली तयार केली आहे, आणि केरळ राज्याने तर शाळांतील संगणकशिक्षण लिनक्सवरच उभे केले आहे.

आरंभीच एक सूचना. या पाठात पत्त्यांचे अंक देवनागरीत छापले आहेत व पडद्यावरील इंग्रजी नावेही देवनागरीत दिली आहेत. संगणकात भरताना मात्र अंक इंग्रजीच टंकावयाचे आहेत. प्रणालीगणिक पडद्यावरील नावांत किंचित फरक आढळेल. येथे दिलेली नावे उबुंटूच्या नेहमीच्या पडद्यास धरून आहेत.

चार आकडे

पहिला आकडा संगणकाचा स्वतःचा पत्ता. त्यास आयपी पत्ता म्हणतात. तो १९२.१६८.१.२५ असा चार भागांत लिहितात. प्रत्येक भाग ० ते २५५ यांमधील असतो आणि भागांच्या मध्ये टिंब असते. एका जाळ्यात एक पत्ता एकाच यंत्राचा, हा मुख्य नियम. १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते हे खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणून निफाडच्या शाळेतील संगणकाचा व नांदगावच्या शाळेतील संगणकाचा पत्ता हुबेहूब सारखा असला तरी काही बिघडत नाही. घर क्रमांक २५ दोन्ही गावांत असतोच.

दुसरा आकडा नेटमास्क. तो बहुधा २५५.२५५.२५५.० असा असतो. शिक्षक अडतात ते येथे, म्हणून हा जरा सावकाश पाहू. आपल्या टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिन क्रमांक सुरू केला. नाशिक शहराचा ४२२००१, सिन्नरचा ४२२१०३, इगतपुरीचा ४२२४०३. परंतु मालेगावचा ४२३२०३ आणि येवल्याचा ४२३४०१. एकाच जिल्ह्यात टपालाचे असे दोन गट आहेत. पत्रांची वाटणी करणारा मनुष्य प्रथम सगळा पत्ता वाचीत नाही. पहिले तीन अंक पाहतो. ते आपल्या गटाचे असले तर पत्र येथेच ठेवतो, नसले तर बाहेरच्या थैलीत टाकतो. नेटमास्क संगणकास हेच शिकवितो. जेथे २५५ आहे तो भाग जुळला पाहिजे, जेथे ० आहे तो भाग प्रत्येक यंत्राचा निराळा असावयाचा. तेव्हा १९२.१६८.१.२५ आणि १९२.१६८.१.४० ही यंत्रे एकमेकांची शेजारी ठरतात, १९२.१६८.२.४० हे मात्र परगावचे ठरते. काही पडद्यांवर नेटमास्कऐवजी नुसता २४ हा आकडा दिसतो. तो त्याच गोष्टीचे दुसरे रूप आहे, कारण २५५ हा आकडा द्विमान पद्धतीत आठ वेळा १ असा लिहिला जातो, आणि असे तीन भाग मिळून चोवीस.

सातवीच्या वर्गात हा भाग शिकवावयाचा झाल्यास मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर पिन क्रमांक लिहून द्यावेत, एका मुलास टपालवाटपाला बसवावे व पहिले तीन अंक सोडून पुढचे अंक हाताने झाकावयास सांगावे. नेटमास्क म्हणजे तो झाकणारा हात. मुलांस हे लवकर उमगते. मोठ्यांस थोडा वेळ लागतो.

तिसरा आकडा गेटवे. बाहेरच्या थैलीतील पत्र ज्या दारातून बाहेर पडते त्या दाराचा हा पत्ता. बागलाण तालुक्यात मोसम नदीवरील बंधाऱ्यांच्या फड पद्धतीने शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना निराळा दृष्टान्त नको. बंधाऱ्यातले पाणी पाटाने येते व पाटातून चारीत शिरते. चारीचे तोंड कोठे आहे हे ठाऊक नसेल तर पाट भरून वाहत असतानाही वावर कोरडेच राहते. शाळेत हे तोंड म्हणजे राउटर, आणि त्याचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा असतो. गेटवेचा पत्ता आपल्याच जाळ्यातील असावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. परगावात असलेले दार आपल्या उपयोगाचे नाही.

चौथा आकडा डीएनएस. माणसे नावे लक्षात ठेवतात, यंत्रे आकडे. आपण टंकलेल्या नावाचा आकडा सांगणाऱ्या यंत्राचा हा पत्ता होय. प्रारंभीच्या काळात जगातील सर्व यंत्रांच्या नावांची एकच यादी ठेवीत व जो तो ती उतरवून घेई. यंत्रे वाढली तशी ती रीत पुरेना, म्हणून १९८३ साली डीएनएसची योजना पुढे आली. येथे राउटरचाच पत्ता दिला तरी बहुतेक ठिकाणी चालते. गूगलचा ८.८.८.८ व क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे सर्वांस खुले असलेले पत्तेही भरता येतात.

आपोआप आणि हाताने

हे चारही आकडे दरवेळी हाताने भरावे लागत नाहीत. राउटरच ते प्रत्येक यंत्रास वाटून देतो. या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. लिनक्स बसविल्यावर मांडणी मुळात अशीच असते आणि साधारण शाळेने ती तशीच राहू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतनेटची तार ग्रामपंचायतीत आली असेल व तेथून शाळेस जोडणी मिळाली असेल, तर प्रथम आपोआप मांडणीनेच जोडून पाहावे. (राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे म्हणून २०११ साली मंजूर झालेल्या योजनेस २०१५ पासून भारतनेट हे नाव आहे.) जोडणी देणाऱ्याने लेखी आकडे दिले असतील तरच ते हाताने भरावे.

मांडणी पाहण्यासाठी सेटिंग्ज उघडून नेटवर्क या विभागात जावे. तेथे वायर्ड या नावासमोर दातेरी चक्राचे चिन्ह असते, ते दाबावे. डिटेल्स या पानावर सध्याचे आकडे दिसतात. आयपीव्ही४ या पानावर ऑटोमॅटिक डीएचसीपी, मॅन्युअल, शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स इत्यादी पर्याय असतात. मॅन्युअल निवडले की पत्ता, नेटमास्क व गेटवे यांची घरे उघडतात आणि त्यांखाली डीएनएसचे घर असते. आकडे भरून अप्लाय दाबावे. यानंतर एक कृती बहुतेक जण विसरतात. वायर्ड या नावापुढील कळ एकदा बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. तोवर संगणक जुन्याच आकड्यांवर चालत राहतो, आणि आपण मात्र नवे आकडे निरुपयोगी ठरले असे समजून ते पुन्हा बदलू लागतो.

दुसरी नित्य आढळणारी चूक डीएनएसची. मॅन्युअल निवडल्यावर डीएनएसच्या घरापुढे ऑटोमॅटिक असे लिहिलेले तसेच दिसते, म्हणून ते घर रिकामे सोडले जाते. परंतु हाताची मांडणी निवडली म्हणजे राउटरकडून काहीच घ्यावयाचे नाही असे ठरले. मग डीएनएस तरी कोठून येणार? तो आकडाही हातानेच भरला पाहिजे.

जुनी मांडणी पुसून त्यावर नवी लिहू नये. वायर्ड या शब्दाशेजारी अधिक चिन्ह असते, त्याने दुसरी मांडणी निराळ्या नावाने तयार करावी. पहिली तशीच राहते व एका टिचकीने तिच्याकडे परतता येते.

ठरलेला पत्ता कोणास द्यावा? ज्याच्याकडे इतर यंत्रे येणार त्यास. उदाहरणार्थ जाळ्यावरील छपाईयंत्रास, किंवा ज्या संगणकावर सर्व मुलांचे वाचनसाहित्य ठेवले आहे त्यास. असा पत्ता राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा निवडावा. राउटर १०० ते २०० हे पत्ते वाटीत असेल तर आपण २० घ्यावा. तसे न केल्यास तोच पत्ता एखाद्या दिवशी दुसऱ्यालाही मिळतो आणि दोन्ही यंत्रे कधी चालतात, कधी चालत नाहीत. असा अधूनमधून येणारा दोष शोधणे हे सर्वांत त्रासाचे काम होय.

दोष शोधण्याचा क्रम

येथे घाई उपयोगी नाही. पाणी येत नसेल तर शेतकरी एकदम बंधाऱ्यावर जात नाही. वावरापासून चारीने वर वर चालत जातो. तसेच करावे.

प्रथम तार खोवलेली आहे त्या जागेचा लहान दिवा पाहावा. तो मुळीच लागत नसेल तर आकड्यांना हात लावू नये. दोष तारेत, खुंटीत किंवा राउटरच्या विजेत आहे. दिवा लागतो, पण संगणक सुमारे पाऊण मिनिट जोडण्याचा यत्न करून थांबतो, असे झाल्यास राउटरने पत्ता दिलेला नाही असे समजावे. राउटर बंद करून पुन्हा चालू करावा, तार त्याच्या दुसऱ्या खाचेत घालून पाहावी.

पत्ता मिळाला आहे आणि तरी पान उघडत नाही, अशा वेळी टर्मिनल नावाची खिडकी उघडावी. तिला भिण्याचे कारण नाही. पिंग हा शब्द इंग्रजी लहान लिपीत टंकून, जागा सोडून, पुढे गेटवेचा पत्ता लिहावा व एंटर दाबावे. पिंग म्हणजे हाक मारणे. समोरून ओ आली तर ओळींमागून ओळी उमटू लागतात. लिनक्समध्ये ही हाक आपण थांबवीपर्यंत चालूच राहते. कंट्रोलची कळ दाबून धरून सी दाबले की ती थांबते. गेटवेने ओ दिली तर शाळेच्या आतील सर्व ठीक आहे. मग ८.८.८.८ यास हाक मारावी. गेटवे बोलतो पण हा बोलत नाही, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे आहे व तो जोडणी देणाऱ्याने काढावयाचा आहे. त्यास तसे ठामपणे सांगता येते, आणि तेवढ्यानेही एक खेप वाचते. हाही बोलला, तर शेवटी एखाद्या परिचित संकेतस्थळाच्या नावाने हाक मारावी. आकडा बोलतो, नाव बोलत नाही, याचा अर्थ डीएनएस चुकला.

(काही राउटर हाकेस उत्तर न देण्यासाठीच मांडलेले असतात. म्हणून गेटवे गप्प असून पुढचा आकडा बोलत असेल तर काळजी करू नये.)

उत्तराऐवजी येणारी इंग्रजी वाक्येही वाचण्याजोगी असतात. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असे आले तर संगणकास बाहेरची वाटच माहीत नाही. गेटवेचे घर रिकामे आहे काय ते पाहावे. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असे आले तर ज्यास हाक मारली तो, किंवा त्याकडे नेणारे दार, त्या पत्त्यावर सापडत नाही. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्युशन’ हे वाक्य डीएनएसकडे बोट दाखविते. ही तीन वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी भिंतीवर लावावीत.

एक दोष मात्र या क्रमात सापडत नाही. सगळ्या हाकांना ओ येते, परंतु प्रत्येक संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा पडद्यावर येतो. अशा वेळी संगणकाचे घड्याळ पाहावे. जुन्या यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखपत्रास मुदत असते. संगणकाच्या मते ती मुदत अद्याप सुरूच झालेली नसते. तारीख नीट करावी, स्वयंचलित तारीख-वेळ हा पर्याय चालू ठेवावा व ती बॅटरी बदलून घ्यावी. ती अल्प किमतीत मिळते.

तार नसेल तेथे

वायफायची मांडणीही हीच. फक्त प्रारंभी सांकेतिक शब्द द्यावा लागतो. शिक्षकांचे व मुलांचे खाते निराळे असेल तर जोडणीच्या डिटेल्स पानावर ‘मेक अव्हेलेबल टू अदर युजर्स’ या ओळीपुढे खूण आहे ना ते पाहावे. नसल्यास मुलांच्या खात्यात जोडणी होत नाही. काही जुन्या यंत्रांतील वायफायचा भाग लिनक्स प्रथम ओळखत नाही. त्यावर सोपी तोड अशी की अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने संगणकास जोडावा व फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करावे. लिनक्स त्यास तारेची जोडणी समजून बहुधा लगेच स्वीकारतो. मग उबुंटूत ॲडिशनल ड्रायव्हर्स हा विभाग उघडून वायफायचा चालक मिळतो का ते शोधता येते. फोनचा डेटा शिक्षकाच्या खिशातून जातो, म्हणून अशा जोडणीच्या डिटेल्स पानावर मीटर्ड कनेक्शन ही खूण अवश्य करावी. त्यामुळे प्रणालीतील मोठ्या सुधारणा आपोआप उतरविल्या जात नाहीत.

जेथे बाहेरचे जाळे मुळीच नाही तेथेही वर्गाचे जाळे करता येते, आणि दुर्गम भागातील शाळांच्या दृष्टीने मला हेच अधिक मोलाचे वाटते. चारपाच संगणक एका स्विचला जोडावेत. शिक्षकाच्या संगणकावर आयपीव्ही४ च्या पानावर शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स निवडावे. बाकीचे आपोआप मांडणीवर ठेवावेत. शिक्षकाचा संगणक सामान्यतः १०.४२.०.१ हा पत्ता घेतो व इतरांस स्वतः पत्ते वाटतो. किविक्स या विनामूल्य साधनाने मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर आणून या एका संगणकावर ठेवला, तर सर्व मुले तो आपापल्या पडद्यावर वाचू शकतात. फोन जोडलेला असेल तर त्याचे जाळेही याच वाटेने सर्वांस मिळते. हा प्रयोग मात्र राउटर असलेल्या जाळ्यात करू नये. पत्ते वाटणारे दोन झाले की एका चारीवर दोन पाटकरी बसविल्यासारखे होते.

शाळेच्या दप्तरात एक वही या कामासाठी राखावी. तीत राउटरचा पत्ता, ठरलेले पत्ते कोणत्या यंत्रास दिले ते, आणि मांडणीत बदल केल्यास जुना व नवा आकडा तारखेसह लिहावा. राउटरचा सांकेतिक शब्द त्यात न लिहिता बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे ठेवावा. बदली होऊन नवे गुरुजी किंवा बाई आल्या की सर्वप्रथम ही वही त्यांच्या हाती द्यावी.

राउटर व संगणक यांमधील तांब्याची तार शंभर मीटरपेक्षा लांब असू नये. त्यापुढे जोडणी भरवशाची राहत नाही. पंचायत कार्यालय व शाळा यांच्यात ती उघड्यावरून टाकलेली असेल तर विजा चमकू लागण्यापूर्वीच दोन्ही टोके काढून ठेवावीत. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या भागात पावसाळ्यात हे वारंवार करावे लागेल. तार पुन्हा खोवताच लिनक्स जोडणी आपण होऊन उभी करतो. आकडे पुन्हा भरावे लागत नाहीत.